सर्किट बोर्डांचे आराखडे आणि बदलत्या आवृत्त्या

(तंत्रनिकेतनांतील शिक्षक, जिल्हा परिषदेचे अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्या संयुक्त अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय प्रथमदर्शनी केवळ अभियंत्यांच्या कामाचा वाटेल. सर्किट बोर्डाचा संगणकावर काढलेला आराखडा सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीतून नव्या आवृत्तीत कसा आणावा, हा प्रश्न एखाद्या ग्रामसभेपुढे कधी चर्चेस आला असेल, असे मला वाटत नाही. परंतु त्याची वेळेवर तड न लावल्याचे परिणाम मात्र गावापर्यंत येऊन पोचतात. टाकीतील पाण्याची पातळी पाहून पंप चालू-बंद करणारी पेटी, सौर पथदिवा, ठराविक वेळी वाजणारी शाळेची घंटा, ठिबक सिंचनाचे स्वयंचलित नियंत्रण, या प्रत्येकाच्या पोटात एक हिरवी पाटी असते. यंत्र बंद पडले की दुरुस्तीला आलेला माणूस झाकण उघडतो आणि ‘कार्ड गेले’ असे सांगतो. कार्ड बाजारात मिळत असेल तर प्रश्न मिटला. मिळत नसेल तर बनवून घ्यावे लागते. बनवून घ्यावयाचे तर आराखडा हवा. आराखडा आहे, पण तो आता उघडत नाही, असे उत्तर आले की सारा व्यवहार तेथेच थांबतो आणि चांगल्या स्थितीतील मोटार, पेटी, खांब यांसह सर्व सामग्री अडगळीत जाते.

ही हिरवी पाटी काचतंतू आणि इपॉक्सी राळ यांपासून बनविलेली असते. तिची सर्वसाधारण जाडी १.६ मिलिमीटर. तिच्यावर तांब्याचा पातळ पत्रा, बहुधा ३५ मायक्रॉन जाडीचा, चिकटविलेला असतो. नको असलेले तांबे रसायनाने खाऊन टाकले की मागे राहतात त्या विजेच्या वाटा. या वाटा कोठून कोठे जाव्यात हे ठरविणारे दोन नकाशे असतात. पहिला म्हणजे परिपथाची आकृती. कोणता भाग कोणाशी जोडलेला आहे एवढेच ती सांगते, वंशावळ जशी नाते सांगते पण कोण कोठे राहतो ते सांगत नाही. दुसरा म्हणजे मांडणीचा नकाशा. तो गावठाणाच्या नकाशासारखा. कोणते घर कोठे, कोणती गल्ली किती रुंद, हे त्यात मापासह असते. हे दोन नकाशे परस्परांशी जुळले पाहिजेत. पुढे जे सांगावयाचे आहे त्याचे मर्म या जुळण्यात आहे.

संगणक येण्यापूर्वी हे काम हाताने होई. पारदर्शक फिल्मवर काळ्या पट्ट्या चिकटवून बोर्डाच्या दुप्पट किंवा चौपट आकाराचा नकाशा तयार करीत व नंतर छायाचित्राने तो लहान करीत. काम अतिशय कष्टाचे. एक वाट चुकली तर पट्ट्या उपटून पुन्हा लावाव्या लागत. परंतु त्या फिल्मचा एक गुण असा की, ती आजही खिडकीच्या उजेडासमोर धरली तर कोणाही जाणकारास वाचता येते. संगणकाने कष्ट वाचविले आणि त्याबरोबर एक परावलंबित्व आणले. संगणकातील फाइल नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही. तिला वाचक लागतो, आणि तो वाचक म्हणजे विशिष्ट सॉफ्टवेअरची विशिष्ट आवृत्ती.

ही अडचण आपल्या राज्यास अगदीच अपरिचित नाही. मोडी लिपीतील दप्तरे कित्येक ठिकाणी शाबूत आहेत. वाचणारे मात्र थोडे. २०२३ सालापासून जुन्या नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची किती निकड भासली, हे महसूल खात्यातील मंडळींना सांगावयास नको. कागद टिकला म्हणजे मजकूर टिकला, असे नाही. फरक इतकाच की, मोडीचे वाचक विरळ होण्यास पिढ्या लागल्या. सॉफ्टवेअरच्या बाबतीत तोच प्रकार दहा-पंधरा वर्षांत घडतो.

एकाच दिशेने उघडणारे दार

आराखड्याच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बहुधा मागील आवृत्त्यांच्या फाइली वाचते. परंतु नव्या आवृत्तीत एकदा जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीस वाचता येत नाही. हे दार एकाच दिशेने उघडते. कार्यालयातील एका संगणकावर नवी आवृत्ती आणि दुसऱ्यावर जुनी अशी स्थिती असली म्हणजे सकाळी एकाने उघडून जतन केलेला आराखडा दुपारी दुसऱ्यास बंद झालेला असतो. यात कोणाचा दोष नसतो, पण तक्रार मात्र होते.

दोन उदाहरणे घेऊ. ‘ईगल’ हे सॉफ्टवेअर जर्मनीतील कॅडसॉफ्ट या कंपनीने १९८८ साली आणले. लहान उद्योग, महाविद्यालये आणि हौशी मंडळी यांच्यात ते जगभर रुळले. त्याच्या पाचव्या आवृत्तीपर्यंतच्या फाइली अशा सांकेतिक स्वरूपात असत की, त्या मुख्यतः ईगललाच कळत. सहाव्या आवृत्तीपासून ते स्वरूप बदलून साध्या अक्षरांत वाचता येईल असे करण्यात आले आणि त्यामुळे इतर सॉफ्टवेअरनाही त्या फाइली घेता येऊ लागल्या. २०१६ साली ऑटोडेस्क या अमेरिकन कंपनीने ईगल विकत घेतले, आणि २०२३ साली तिने जाहीर केले की, ७ जून २०२६ रोजी ईगलची विक्री व साहाय्य थांबविण्यात येईल. हे काम कंपनीच्या ‘फ्यूजन’ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सामावण्यात आले आहे. कंपनीने आगाऊ सूचना दिली, हे योग्यच झाले. परंतु ज्याचे आराखडे त्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत त्याला ही सूचना वाचून हालचाल करावी लागते. आपल्या कपाटातील सीडीवर ईगलची फाइल आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापर्यंत सूचना कशी पोचणार?

दुसरे उदाहरण ‘किकॅड’चे. फ्रान्समधील ग्रनोबल येथील प्राध्यापक झाँ-पिएर शारा यांनी १९९२ साली त्याचा आरंभ केला. ते विनामूल्य असून त्याची रचना सर्वांस खुली आहे. पुढे जिनिव्हाजवळील सर्न या अणुसंशोधन संस्थेतील तज्ज्ञांनी त्यास मोठा हातभार लावला. आपल्याकडेही आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने ‘ई-सिम’ नावाचे परिपथ तपासण्याचे जे सॉफ्टवेअर तयार केले, त्यात आकृती काढण्याचे काम किकॅडकडेच सोपविलेले आहे. त्यामुळे आपल्या तंत्रनिकेतनांतील व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शिक्षकांना किकॅडचे आवृत्तीबदल जवळून पाहावे लागतात. जुलै २०१८ मध्ये त्याची पाचवी आवृत्ती आली, डिसेंबर २०२१ मध्ये सहावी, आणि त्यानंतर २०२३, २०२४ व २०२५ या प्रत्येक वर्षाच्या फेब्रुवारीत एकेक. खुल्या सॉफ्टवेअरचा मी पुरस्कर्ता आहे. तरीही सांगितले पाहिजे की, खुले आहे म्हणून आवृत्तीचा प्रश्न सुटत नाही. फाइलचे स्वरूप जाहीर असल्याने तो सोडविणे आपल्या हाती राहते, इतकाच त्याचा लाभ. आणि तो लहान नाही.

क्रमांक राहिला, नोंद हरवली

जुनी फाइल नव्या आवृत्तीत उघडते तेव्हा नेमके काय बिघडते? फाइल मुळीच उघडली नाही तर निदान दोष दिसतो. खरा धोका ती व्यवस्थित उघडल्यासारखी वाटते तेव्हा असतो.

आकृतीमध्ये डायोड, ट्रान्झिस्टर, रिले यांची चिन्हे असतात. किकॅडच्या पाचव्या आवृत्तीपर्यंत ही चिन्हे मुख्य आकृतीच्या फाइलमध्ये नसत. तेथे केवळ चिन्हाचे नाव लिहिलेले असे. प्रत्यक्ष चिन्ह वेगळ्या संग्रहात असे. सातबाराच्या उताऱ्यावर फेरफाराचा क्रमांक असतो आणि मूळ नोंद गाव नमुना ६ मध्ये पाहावी लागते, तशीच ही व्यवस्था. उतारा हाती आहे, पण फेरफाराची नोंदवही गहाळ झाली, तर क्रमांकाचा अर्थ कोण सांगणार? त्याहून वाईट म्हणजे, वही बदलून त्याच क्रमांकावर वेगळीच नोंद असली तर वाचणारा बिनधोकपणे चुकीचा अर्थ लावील.

असे घडू नये म्हणून किकॅड आराखड्याच्या शेजारी एक लहानशी जादा फाइल ठेवीत असे. तिच्या नावाच्या शेवटी ‘कॅश’ हा शब्द असे आणि आराखड्यात वापरलेल्या चिन्हांच्या प्रती तिच्यात असत. नाव पाहून ती निरुपयोगी असावी असा समज होतो. जागा मोकळी करण्याच्या मोहिमेत ती पुसली जाते, किंवा आराखडा ई-मेलने पाठविताना मागे राहते. मग सहाव्या किंवा पुढच्या आवृत्तीत आकृती उघडली की चिन्हांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या चौकटी दिसतात. हे झाले दिसणारे नुकसान. चौथ्या आवृत्तीकडून पाचवीकडे जाताना संपूर्ण संग्रहाचीच फेरमांडणी झाली, अनेक चिन्हांची नावे बदलली, काहींच्या पायांचे क्रमांक बदलले. सॉफ्टवेअर अशा वेळी जुन्या चिन्हांचा ‘बचाव’ करण्यासंबंधी विचारणा करते. ती विचारणा घाईने नाकारली की नवी चिन्हे जुन्यांची जागा घेतात.

न दिसणारे नुकसान डायोडच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. डायोड हा विजेला एकाच दिशेने जाऊ देतो, विहिरीच्या पाइपवरील नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाण्याला जाऊ देतो तसा. त्याला दोन पाय, धनाग्र व ऋणाग्र. किकॅडच्या फार जुन्या संग्रहात १ क्रमांक धनाग्राला होता. पुढील संग्रहांत तो ऋणाग्राला देण्यात आला. जुनी आकृती नवे चिन्ह घेऊन उघडली आणि त्यावरून मांडणीचा नकाशा अद्ययावत केला की बोर्डावर डायोडची दिशा उलटू शकते. पंपाच्या नियंत्रणपेटीत रिलेच्या कॉइलवर एक डायोड संरक्षणासाठी उलटा जोडलेला असतो. त्याची दिशा फिरली तर रिले चालू करताक्षणी वीज कॉइलऐवजी डायोडमधून सरळ वाहते आणि चालना देणारा ट्रान्झिस्टर जळतो. आकृती पडद्यावर सुबक दिसते, बोर्ड छापून येतो, भाग जोडले जातात, आणि पहिल्या दिवशीच धूर निघतो. ट्रान्झिस्टरच्या बाबतीतही तेच. आपल्या प्रयोगशाळांतील सर्वांच्या परिचयाचा बीसी ५४७ आणि अमेरिकन पुस्तकांतील २एन ३९०४ हे दोन्ही दिसण्यात सारखे. पण सपाट बाजू समोर धरली तर एकाचे पाय कलेक्टर-बेस-एमिटर या क्रमाने, तर दुसऱ्याचे बरोबर उलट क्रमाने येतात. नावाच्या बदलात एकाच्या जागी दुसरा आला की बोर्ड मुका होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मांडणीच्या नकाशात प्रत्येक भागाच्या पायांच्या जागा त्या नकाशातच जतन केलेल्या असतात. त्यामुळे केवळ उघडण्याने तांब्याच्या वाटा सहसा बदलत नाहीत. आकृतीवरून नकाशा अद्ययावत करण्याची आज्ञा दिली की बदलतात. ती आज्ञा देण्यापूर्वीचा अर्धा तास सर्वांत मोलाचा.

किकॅडच्या सहाव्या आवृत्तीपासून वापरलेली चिन्हे आकृतीच्या फाइलमध्येच सामावलेली असतात. म्हणजे उताऱ्यालाच फेरफाराची प्रत जोडली गेली. हे शहाणपण उशिरा सुचले असे कोणी म्हणेल, पण याच प्रकारची दुरुस्ती या धंद्यात पूर्वीही एकदा करावी लागली होती. बोर्ड छापणाऱ्या कारखान्यास जी फाइल दिली जाते तिला ‘गर्बर’ म्हणतात. हे नाव जोसेफ गर्बर यांच्यावरून आले. व्हिएन्नात जन्मलेला हा ज्यू मुलगा नाझींच्या तावडीतून सुटून १९४० साली अमेरिकेत पोचला आणि पुढे त्याने काढलेल्या कंपनीच्या यंत्रांनी नकाशे प्रकाशाच्या साहाय्याने फिल्मवर उमटू लागले. जुन्या गर्बर फाइलमध्ये रेषा कोठून कोठे जाते एवढेच असे. ती किती जाड हे वेगळ्या यादीत असे. यादी हरवली की रेषा उरत, जाडी नाहीशी होई. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या विस्तारित पद्धतीने जाडीही त्याच फाइलमध्ये आणली आणि २०१४ साली जुनी पद्धत रद्दच करण्यात आली. सध्या बेल्जियममधील युकॅम्को ही कंपनी हे मानक सांभाळते.

दोन्ही प्रती हव्यात

गर्बर फाइल आहे म्हणजे काम भागले, असे समजणारे पुष्कळ आहेत. गर्बर हे बोर्डाचे छायाचित्र होय. त्यावरून तोच बोर्ड पुन्हा छापता येतो, कोणताही कारखाना छापून देतो. परंतु त्यात सुखासुखी बदल करता येत नाही. २०२० च्या अखेरीपासून २०२२ पर्यंत जगभर चिपांची टंचाई झाली. ठराविक चिप मिळेना. तिच्याऐवजी दुसरी बसवावी तर पायांची रचना वेगळी. ज्यांच्याकडे मूळ आराखडा चालू स्थितीत होता ते मांडणी बदलून नवी चिप बसवू शकले. ज्यांच्याकडे केवळ गर्बर होते त्यांच्यापुढे वाट पाहणे किंवा आकृती पहिल्यापासून काढणे एवढेच पर्याय होते. उलटपक्षी, मूळ आराखडा आहे पण गर्बर नाहीत, अशा स्थितीत नव्या आवृत्तीने आराखडा जसाच्या तसा वाचला की नाही हे ताडून पाहण्यास काहीच साधन राहत नाही.

यास्तव आराखडा नव्या आवृत्तीत आणण्याचे काम जुन्या आवृत्तीतच सुरू करावे. जुने सॉफ्टवेअर चालत आहे तोवर त्यातून गर्बर फाइली, छिद्रांची फाइल, भागांची यादी, जोडण्यांची यादी आणि आकृतीची साधी छापील प्रत काढून घ्यावी. मूळ फाइलींच्या संपूर्ण फोल्डरची प्रत वेगळी ठेवून तिला हात लावू नये. मगच दुसरी प्रत नव्या आवृत्तीत उघडावी. जुन्या चिन्हांच्या बचावाची विचारणा आली तर जुनी चिन्हे राखावीत. नव्या आवृत्तीतून जोडण्यांची यादी पुन्हा काढून जुनीशी ओळीने ओळ ताडावी. शेवटी नव्या गर्बर फाइली जुन्यांवर ठेवून पाहाव्यात. हे करून देणारी विनामूल्य साधने आहेत, त्यांपैकी ‘गर्ब-व्ही’ हे एक. दोन रंगांतील दोन चित्रे एकमेकांवर आली की जेथे रंग फुटतो तेथे फरक. तांब्याने भरलेल्या मोकळ्या जागांच्या कडा किंचित सरकलेल्या दिसतात, कारण त्या जागा भरण्याची रीत आवृत्तीगणिक थोडी बदलते. एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर करताना शेवटच्या अंकात जो फरक पडतो, तशातलाच तो. वाटा, छिद्रे आणि पाय बसण्याच्या जागा यांत मात्र फरक दिसता कामा नये.

बोर्ड छापावयास देण्याच्या आदल्या दिवशी आवृत्ती बदलू नये, हे मुद्दाम सांगतो. काम सुरू असलेला आराखडा त्याच आवृत्तीत पुरा करावा. दोन कामांच्या मधला निवांत काळ बदलासाठी योग्य.

आता अधिकारी व सदस्य यांच्या अखत्यारीतील भागाकडे वळतो. बाजारात हजारोंनी विकल्या जाणाऱ्या वस्तूचा आराखडा निर्मात्याकडे मागणे व्यवहार्य नाही आणि तो देण्यास तो बांधीलही नाही. परंतु एखादी संस्था सार्वजनिक निधीतून आपल्या गरजेप्रमाणे यंत्र तयार करवून घेते तेव्हा स्थिती वेगळी असते. तेथे आराखडा हा कामाचाच भाग आहे, असे निविदेच्या अटींत आरंभीच नमूद करता येते. देयक अदा झाल्यानंतर तो मागितला तर ‘ती आमची मालमत्ता’ हे उत्तर ऐकावे लागते, आणि करारात काही लिहिलेले नसल्यास त्या उत्तरावर वाद घालणे अवघड. अटीत ‘सॉफ्ट कॉपी द्यावी’ एवढेच मोघम लिहून चालत नाही. मूळ आराखड्याचे संपूर्ण फोल्डर, वापरलेल्या चिन्हांचा संग्रह, गर्बर व छिद्रांच्या फाइली, भागांची यादी, छापील आकृती, तसेच सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्तीचा क्रमांक, असे स्पष्ट शब्द हवेत. शिवाय सीडी किंवा पेनड्राइव्ह स्वीकारून पोच देण्यापूर्वी जवळच्या तंत्रनिकेतनातील शिक्षकाकडून फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून घ्याव्यात. मोजमाप पुस्तिकेत नोंद केल्याशिवाय रस्त्याचे देयक निघत नाही. न उघडलेल्या फाइलीवर ते निघावे हे विसंगत आहे.

शिक्षकांसाठीही यात चांगले काम आहे. फॉसी प्रकल्पाने महाविद्यालयांतील प्रयोग खुल्या सॉफ्टवेअरवर आणण्याचा उपक्रम चालविला आहे, तो पुष्कळांना ठाऊक असेल. त्याच धर्तीवर अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मागील तुकडीचा एक आराखडा देऊन तो चालू आवृत्तीत आणावयास आणि फरकांची नोंद करावयास सांगावे. दरवर्षी नवा ‘पाणी पातळी दर्शक’ करण्यापेक्षा त्यातून अधिक शिकावयास मिळते, असे माझे मत आहे. दुसऱ्याचा आराखडा वाचण्याची सवय आपल्या अभ्यासक्रमांत फारशी लावली जात नाही, आणि नोकरीत पहिल्या दिवसापासून तेच करावे लागते.

एक तातडीची बाब सांगून थांबतो. कार्यालये व प्रयोगशाळा यांतील जुन्या संगणकांच्या निर्लेखनाचे प्रस्ताव वेळोवेळी येतात. ईगलच्या सहाव्या आवृत्तीपूर्वीच्या फाइली किकॅडमध्ये थेट उघडत नाहीत. त्या प्रथम ईगलच्याच सहाव्या किंवा नंतरच्या आवृत्तीत उघडून जतन कराव्या लागतात. मगच किकॅड त्या घेऊ शकते. ज्या संगणकावर अशी आवृत्ती अद्याप चालते, तो कदाचित तुमच्या निर्लेखनाच्या यादीतच असेल. त्याची चाचणी प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडून करून घ्यावी, त्यावरील आराखडे नव्या स्वरूपात जतन करून दोन ठिकाणी ठेवावेत, आणि तशी नोंद प्रस्तावावर घेतल्यानंतरच तो यंत्र भंगारवाल्याच्या स्वाधीन करावा.